शांतावयनीची पडलेली म्हैस

गोवा राज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. इब्रामपुरात आमच्या शेजारच्या शांतावयनीची म्हैस व्यायला बसली ती पुन्हा उठलीच नाही. रेडकू मेलेलं निघालं. पेडण्याहून गुरांचे डॉक्टर आले, कंबर चाचपली आणि म्हणाले, "हाड मोडलंय. सुई देऊन सोडवा तिला."

वयनी नको म्हणाली. मग दिवसातून तीनदा म्हशीची कूस बदलणं आलं, नाहीतर अंग सडतं. पोटाखालून गोणपाट, त्याला दोन वासे, वाशांना चार माणसं. मी खाणीवर तीस वर्षं काढली, वजन कसं हलवायचं ते मला कळतं. शेजारच्या महादेवाला कळत नव्हतं. तो शेपूट ओढायचा.

"महादेवा, म्हैस शेपटीला टांगलेली नाही रे!"

"मग तिकाच विचारा, जगायचा हा काय," तो म्हणायचा. "राजभाषा झाली मा? कोंकणीत विचारा."

नऊ दिवस हेच. पाठीला जखमा, जखमांवर माशा. शेवटी मी चिडलो.

"वयनी, ही म्हशीवरची दया की आमच्या कंबरेवरचा सूड?"

"सासू तीन वर्षां अंथरुणात होती," ती म्हणाली. "तिची कूस मी एकटीन बदलली. तेव्हा कोणी सुई आणली?"

खरं होतं. तिच्या सासूच्या, पार्वतीकाकीच्या अंगावर शेवटपर्यंत एक जखम नव्हती. इतकं चोख काम मी खाणीवरही पाहिलं नाही.

"माणसाला सुई देत नाहीत गो."

"कित्याक? ती रोज मागायची. 'शांता, माका सोडय.' तोंडान मागणारीक मी दिली नाय. ही मागणा नाय, हिका देऊ?"

महादेव बोलला, "काकी तुका सांगायची तरी, खंय दुखता ता. हिका ताय सांगूक येणा नाय."

दुसऱ्या दिवशी म्हशीनं पाण्यावरून तोंड फिरवलं. वयनीनंच डॉक्टरांना निरोप धाडला.

डॉक्टर सुई भरत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. कूस बदला."

"आता कशाला? पाच मिनिटांचा तर प्रश्न!" मी वैतागलो.

"खालची बाजू सोलली हा. तिच्यार पडान मरू देऊ?"

डॉक्टर घड्याळ बघत उभे राहिले. आम्ही चौघांनी वासे धरले आणि म्हैस फिरवली. वयनीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, कानामागची माशी हाकलली आणि म्हणाली, "आता द्या."