गाळलेलं नाव

मोशीच्या चौकात कंपन्यांच्या बस रिकाम्या होऊ लागल्या की सरूबाई पुढे व्हायच्या आणि उतरणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या तोंडाकडे निरखून बघायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "हसा बाबांनो. माझं मानूस यातच कुठंतरी असंल."

त्या आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. मूळच्या लातूरकडच्या. नवरा दगडूराव चाकणला ठेकेदाराकडे कामाला. ठेकेदारानं काढून टाकलं, पण ते त्यांनी घरी सांगितलंच नाही. महिनाभर डबा घेऊन निघत राहिले. एके सकाळी डबा ओट्यावरच ठेवून गेले, ते परतलेच नाहीत. पोलीस झाले, दवाखाने झाले. पत्ता नाही.

भाकरी थापताना सरूबाई स्वतःचंच रचलेलं गुणगुणायच्या:

"गेल्या पावला रं, दार उघडंच हाय,
ताट वाढलेलं, चूल इझली न्हाई."

मी एका नामवंत गायकांच्या साथीला ढोलकी वाजवायचो. ते गाणं त्यांच्याकडे नेऊ का, असं विचारलं, तेव्हा सरूबाईंनी एकच अट घातली. "शेवटाला ह्यांचं नाव घाला. मला घेता येत न्हाई, गाणारानं घ्यावं. कुठं असतील तिथं आइकतील."

गायकांना गाणं फार आवडलं. नाव मात्र त्यांनी गाळलं. म्हणाले, "नाव नसलं की गाणं सगळ्यांचं होतं." रेकॉर्डिंगला माझी ढोलकी पहिल्यांदाच लागत होती. मी गप्प बसलो.

गाणं गाजलं. भरकटलेल्या जीवाला देवानं घातलेली साद, असं लोक म्हणू लागले. सरूबाईंनी माझ्या मोबाइलवर ते तीनदा ऐकलं. "नाव कवा येतंय?"

"कार्यक्रमात घेणार आहेत," मी खोटं बोललो.

म्हणून त्या देहूच्या कार्यक्रमाला आल्या. गाणं संपलं. नाव आलं नाही. तशा त्या गर्दीत उठून उभ्या राहिल्या आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेऊन ओरडल्या, "दगडूराव! अवो दगडूराव, घरी या!" लोकांना वाटलं, भक्तीनं भान हरपलं. एक बाई तर त्यांच्या पाया पडली. मी स्टेजवर मान खाली घालून बसलो होतो.

परतताना बसमध्ये त्या एवढंच बोलल्या, "येवढी मानसं रडली. पन एकानं बी इचारलं न्हाई, बाई, तुजं कोन हरवलंय?"

पुढच्या महिन्यात खोली सोडून त्या भावाकडे निघाल्या. एसटीत बसवून देताना मी माफी मागितली.

"तुमच्यावर राग न्हाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "पन ते गाणं आता माझ्या तोंडात येत न्हाई. त्येबी गेलं."