बाबांची दोन बोटं

माझ्या लग्नात कन्यादान काकांनी केलं. बाबा जिवंत होते, धडधाकट होते, आणि मांडवापासून हाकेच्या अंतरावर आमच्याच वावरातल्या खोपटात बसून होते. त्यांना तिथं मी बसवलं. आईनं नाही, काकांनी नाही, मी. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हातारपणी माणसाला सोयीचं तेवढंच आठवतं.

धनजला आमची शेती. पेरणीत तिफणीच्या चाड्यात ज्वारी सोडायला बाबांची मूठ गावात मानलेली. जर्मनची पहिली लढाई संपली त्या सुमाराला त्यांच्या उजव्या तळहातावर, करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी, एक गाठ आली. घट्टा असेल म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. दोन-तीन वर्षांत गाठीपासून बोटापर्यंत कातडीखाली दोरी ताणल्यासारखी दिसायला लागली, आणि ते बोट आत वळलं. मागोमाग करंगळी. दुखत काही नव्हतं, पण बोटं सरळ म्हणून होत नव्हती. आईनं एरंडेल चोळलं, शेक दिला, एका वैदूनं बांबूची कामटी बांधून पाहिली. बोटं आपली आतच.

वाकडी बोटं म्हटली की आमच्याकडं एकच शब्द, रक्तपिती, म्हणजे महारोग. विहिरीवर कुजबुज सुरू झाली. पंगतीत बाबांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. ते धोतराच्या सोग्यात हात धरून हिंडायचे. मला त्यांची दया यायला हवी होती, मला यायचा राग. का, तर माझं लग्न वाशीमला ठरलं होतं, मुलगा कोर्टात कारकून, आणि मी चौदा वर्षांची अतिशहाणी.

हळदीच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, तुमी मांडवात येऊ नका. वऱ्हाडानं हात पाह्यला तं तसंच परत जाईन."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. चिडले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी सुटले असते.

वऱ्हाडाला सांगितलं, तापानं फणफणलेत. काकांनी हातावर पाणी सोडलं. पाठवणीची दमणी वावराजवळून गेली तेव्हा मी दुसरीकडं तोंड केलं. खोटं कशाला बोलू, बाबा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे आहेत हे मला मान वळवायच्या आधीच दिसलं होतं.

पुढं बाबा माझ्या सासरी कधी आले नाहीत. पोर होईपर्यंत बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही, ही एक सबब होती. मुलगा झाला नि तीही संपली. तरी मी काही बोलावलं नाही.

मुलगा पाच वर्षांचा असताना त्याचा कान फुटला म्हणून दवाखान्यात घेऊन गेले. बाकावर एक म्हातारे वकील बसले होते. त्यांच्या उजव्या हाताची तीच दोन बोटं, तशीच आत. आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून माणसं बसलेली, त्यांच्याच हातचं पान खात होती. मी मुलाचा कान विसरले. डॉक्टरांना त्या बोटांचंच विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "तळहाताच्या कातडीखाली एक पापुद्रा असतो. कोणाकोणाचा तो जाड होतो, आखडतो आणि बोटं ओढून घेतो. रक्तपितीत हात बधिर होतो, टोचलं तरी कळत नाही. यात सगळं कळतं. आणि हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, बाई."

एका टाचणीनं निकाल लागला असता. टाचणी नसेल आमच्या घरी, पण सुई होती, दाभण होता, बाभळीचे काटे तर वावरभर होते. कोणालाच सुचलं नाही. सुचायचं होतं कोणाला?

त्याच आठवड्यात मुलाला घेऊन धनजला गेले. बाबा खळ्यात दोर वळत बसले होते, वाकड्या बोटांत पीळ अडकवून. मी रडत रडत सगळं सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मले ठाऊकच होतं," म्हणाले. "इस्तवाचा चटका तं मले बसतच होता. रक्तपितीवाल्याले कुठी बसते?"

"मंग तवाच बोल्ले काहून नाही?"

"लोकायले कोण समजावत बसन? बोभाटा होऊन तुहं लगन मोडलं असतं तं?" मग हातातला दोर खाली ठेवून त्यांनी नातवाकडं पाहिलं. "मंग पोरी, आता येऊ काय मी तुह्या घरी?"

बाप लेकीला विचारत होता. मला हो म्हणायलासुद्धा तोंड राहिलं नव्हतं.