तिसरी मागणी

पत्रकात मागण्या तीनच ठेवायच्या, हे मी कॉलेजात असताना शिकले. पहिली मोठी, जी मिळणार नाही हे आपल्यालाही माहीत असतं. दुसरी मधली. तिसरी अशी, की ती मान्य करून समोरच्याला मोकळं होता यावं आणि आपल्यालाही हात हलवत घरी जावं लागू नये. झाडांसाठी, बसथांब्यासाठी, मुलींच्या हॉस्टेलच्या वेळेसाठी मी अशी पत्रकं लिहिली आहेत, गुजरातीत आणि मराठीत, आणि बऱ्याचदा ती तिसरी मागणी पदरात पाडून घेतली आहे. मला त्याचा अभिमान होता. लपवत नाही.

बडोद्यात एका ट्रस्टच्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावर, घरातल्या यंत्रांचं एक दालन होतं. राजाच्या तलवारी नाहीत, झुंबरं नाहीत. हँडल फिरवून शेवया पाडायचं यंत्र, पंपाचे स्टोव्ह, लाकडी पेटीचा रेडिओ, आइस्क्रीमचा संचा, कपाटाएवढी जुनी दळणाची घरघंटी, पितळी इस्त्री. सगळं लोकांनी आपणहून दिलेलं. आणि खिडकीपाशी पायाचं एक शिलाई मशीन. पाटीवर लिहिलं होतं, ‘एका गृहिणीचं शिलाई मशीन’. ती गृहिणी म्हणजे माझी आई.

आमचं घर कारेलीबागेत, दोन खोल्यांचं. उजेडाची खिडकी एकच, आणि माझं सगळं लहानपण त्या खिडकीत हे मशीन होतं. बाबा रिफायनरीत शिफ्टला जायचे आणि आई सोसायटीचे फॉल, परकर, ब्लाउज, उशांचे अभ्रे शिवायची. बसण्याआधी ती वाकून खालच्या पायपट्टीला हात लावायची आणि तो हात कपाळाला न्यायची. ज्याच्यावर पोट चालतं त्याला दिवसभर पाय लावायचा, म्हणून आधी माफी. तिला नावाने कुणी हाक मारत नसे. ती ‘सिलाईवाळां बेन’. मी शाळेत ‘सिलाईवाळां बेननी बेबी’.

आईचा गुडघा गेला तेव्हा डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगितलं. तिने मान हलवली आणि घरी येऊन कुणाचा तरी फॉल पुरा केला. मग ट्रस्टने जुनी यंत्रं मागवल्याचं पेपरात आलं. ती बातमी तिनेच कापून ठेवली, तिनेच फोन केला. टेम्पो मशीन घेऊन गेला त्या दुपारी मी तिला त्याग, वारसा असं काहीतरी सुनावलं. ती ‘बरं’ म्हणाली, खिडकीखालची जागा झाडून घेतली, ओल्या फडक्याने पुसली आणि तिथे वेताची खुर्ची ठेवली. तेव्हापासून तीन ते पाच ती त्या खुर्चीत असायची. पाय स्टुलावर, मांडीवर शेंगदाण्यांची वाटी, नजर रस्त्यावर. कुणी पिशवीतून कापड आणलंच तर म्हणायची, ‘‘मशीन म्युझियममध्ये आहे ना, बेन.’’ मुलगा परदेशात असल्याच्या थाटात म्हणायची.

आणि मग ट्रस्टने दालन बंद करायचं ठरवलं. तिथे कसलंसं पडद्यांवरचं ‘अनुभव केंद्र’ करायचं होतं, आणि सामान शहराच्या टोकाला, छाणीच्या गोदामात जाणार होतं. फाटकावर एक कागद लावला, बस्स. कुणाला विचारलं नाही. माझं डोकं फिरलं. अजूनही तो कागद आठवला की फिरतं.

पण कागद लागला आणि लोक यायला लागले, हेही खरं. इतकी वर्षं त्या दालनात पंख्याचा आवाज ऐकू यायचा. आता रविवारी रांग फाटकाबाहेर. रेडिओपाशी एक आजोबा बटण फिरवत उभे. मी म्हटलं, काका, बंद आहे तो. ‘‘चालू नथी, पण हाथ तो फरे ने,’’ ते म्हणाले आणि फिरवत राहिले. निजामपुऱ्याहून आलेल्या एक मराठी काकू शेवयांच्या यंत्राचं हँडल सुनेला दाखवत होत्या. ‘‘हे मी फिरवायचे आणि सासूबाई खाली ताट धरायच्या. ताट धरणं सोपं असतं हो.’’ सून हसली, पण ताट धरल्यासारखे हात पसरून उभी राहिली, फोटोसाठी. कुणी घरघंटीला मिठी मारली. कुणी स्टोव्हला पिन मारायची आठवण सांगता सांगता रडलं. अभिप्रायाची वही संपली, दुसरी आणली.

मी दारात पत्रकं वाटत होते. एक, दालन बंद करू नका. दोन, बंद करायचंच असेल तर शहरात दुसरी जागा द्या. तीन, तेही जमत नसेल तर यंत्रं गोदामात सडवू नका. ज्या घरांनी दिली त्या घरांना सन्मानाने परत करा. तिसऱ्या ओळीला लोकांचे डोळे भरून यायचे. मी ते बघून खूश.

पत्रक मी आईला वाचून दाखवलं ते गठ्ठे निम्मे संपल्यावर. ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. तिसऱ्या मागणीला तिचा हात थांबला.

‘‘परत म्हणजे कुठे? घरी?’’

‘‘तसं होणार नाही गं. ती तिसरी आहे.’’

‘‘तुला नेहमी तिसरीच मिळते.’’

मी हसले. ती हसली नाही.

‘‘काढून टाक ती ओळ.’’

‘‘छापून झालंय, आई. वाटून झालंय. आणि लोक त्याच ओळीवर सह्या करतायत.’’

‘‘मग मी सांगते ते नीट ऐक,’’ ती म्हणाली. ‘‘ते मशीन या घरात यायला नको. तिथे आहे तर बरं आहे. चार लोक बघतात, मान आहे, आणि मला पाय हलवावा लागत नाही. गोदामात ठेवलं तरी ठेवू देत. गंजलं तर गंजू दे. पण इथे यायला नको.’’

इतकं सलग ती क्वचित बोलते. मला कळायला हवं होतं. कळलंही असावं, पण ऐन मोहिमेत कळून उपयोग नसतो. ज्यांच्या सह्या घेतल्या त्यांना आता काय सांगू, माझ्याच आईला तिचं मशीन नकोय? मी म्हटलं, पहिलीवर जोर लावू आपण. ‘आपण’ म्हणाले. तिने शेंगांची टरफलं गोळा केली आणि आत गेली.

शेवटच्या रविवारी ट्रस्टने मांडव घातला. ज्यांनी यंत्रं दिली त्या सगळ्यांना बोलावलं होतं, म्हणून आईही दुसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या साडीत. ट्रस्टचे साहेब माइकवर आले. या दालनावर बडोद्याने किती प्रेम केलं हे त्यांनी तब्येतीत सांगितलं. ज्यांनी ते बंद केलं तेच सांगत होते. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, ‘‘बेननी त्रीजी मागणी अमे दिलथी स्वीकारीए छीए.’’

टाळ्या इतक्या झाल्या की माझ्या हातांनीही वाजवल्या.

आणि पुढचं तर माझंच. यंत्रं घरी गेली की दोन महिन्यांत भंगारवाल्याकडे जातील ही मला धास्ती, म्हणून मी आदल्या आठवड्यात एक शपथ लिहून ट्रस्टला दिली होती. ती मीच माइकवरून सांगितली आणि लोकांनी हात पुढे करून माझ्यामागून म्हटली: आम्ही हे यंत्र विकणार नाही, भंगारात देणार नाही, दुसऱ्याच्या हवाली करणार नाही, आमच्या घरात जपू. दुसऱ्या रांगेत आईचाही हात होता. ती शपथ पूर्ण म्हणाली, एक शब्द गाळला नाही, आणि म्हणताना माझ्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात तिचा हात दिसतो.

टेम्पो आला तेव्हा नवरात्राला थोडेच दिवस उरले होते. बडोद्यात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मुलींची चणियाचोळी, कुणाची लांबी कमी, कुणाची कंबर सैल, कुणाचे आरसे निघालेले, आणि शहरातला प्रत्येक शिंपी फोन न उचलणारा. मशीन जिन्यावरून चढत होतं तेव्हाच खालच्या मजल्यावरच्या बेन दारात येऊन उभ्या होत्या. मशीन खिडकीत गेलं, कारण दुसरीकडे कुठे मावतच नाही. वेताची खुर्ची गॅलरीत गेली, उलटी करून, पाय वर. संध्याकाळपर्यंत दिवाणावर चार पिशव्या.

आई म्हणाली, गुडघा दुखतो.

‘‘मशीन तो आवी गयुं ने, हवे शुं?’’ खालच्या बेन म्हणाल्या. वाईट बाई नव्हे. आईच्या आजारपणात आठवडाभर खिचडी-कढी तिच्याकडूनच येत होती. म्हणूनच तिला नाही म्हणता येत नाही. मी मध्ये पडले. सांगितलं, आंटी, डॉक्टरांनी मना केलंय. तिने माझ्या गालाला हात लावला. ‘‘तुं ज तो लई आवी, बेटा.’’

मीच तर आणलं होतं ते, सह्या गोळा करून.

नवरात्रभर आई शिवत होती. पायपट्टीला हात, कपाळाला हात, आणि मग तो आवाज, जो ऐकत मी मोठी झाले आणि ज्याला मी पत्रकात ‘घराघराची धडधड’ म्हटलं होतं. रस्त्यावर पोरं गरब्याला निघायची, त्यांच्यातल्या कितीतरी घेरांची शिवण आमच्या खिडकीतली. मी काम असल्याचं सांगून बाहेर राहायचे, पण राहून राहून किती राहणार? दोन खोल्यांच्या घरात तो आवाज नाही अशी जागा नाही. बाथरूममध्येही येतो.

बाबांनी पहिल्यांदा सुचवलं, मोटर बसवून घे. आई म्हणाली, म्हणजे अख्ख्या कारेलीबागेचं शिवू? मग ते म्हणाले, विकून टाक.

‘‘शपथ घेतलीय मी. हात पुढे केलाय. फोटो आहे.’’

‘‘मग कुणाला देऊन टाक. शाळेला दे.’’

‘‘दुसऱ्याच्या हवाली करणार नाही, असंही आहे त्यात,’’ आई म्हणाली. ‘‘हिला विचारा. हिने काही सोडलेलं नाही.’’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या फोनकडे. लोक यंत्रांवर प्रेम करत होते तेव्हा त्यांच्यात एकानेही विचारलं नाही, की हे चालवत कोण होतं. यावर मी एक सणसणीत पत्रक लिहू शकले असते. फक्त सही कुणाची घालायची हा प्रश्न होता.

खंडेनवमीला आईने सकाळीच मशीन रिकामं केलं. पिशव्या ज्याच्या त्याच्या घरी, पुरं झालेलं आणि अर्धं राहिलेलंही. लाकूड पुसलं, चाकाला तेल दिलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ चाकातून ओवून खाली पायपट्टीपर्यंत सोडली. आमच्याकडे या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेला लागतात आणि त्या दिवशी कुणी ती चालवत नाही. मशीनच्या फळीवर तिने कात्री ठेवली, टेप, बॉबिनची डबी, बाबांचा पाना. मग माझ्या टेबलावरून स्टेपलर उचलून आणला आणि तोही ठेवला. त्यालाही कुंकवाचं बोट.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी पूजा उचलायची असते. अक्षता वाहायच्या, जरा हलवायचं, फुलं काढायची, की हत्यार परत कामाला मोकळं. आईने कोमेजलेली फुलं काढली आणि ताजी घातली. अक्षता वाहिल्या नाहीत, हलवलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच.

खालच्या बेन दिवाळीचे पडदे घेऊन आल्या.

‘‘पूजा उठलेली नाही, बेन,’’ आई म्हणाली. ‘‘पाय कसा लावू?’’

बेनने माळ पाहिली, कुंकू पाहिलं. देवाधर्माची बाई. ‘‘क्यां सुधी?’’ कधीपर्यंत, हे तिला हवं होतं.

‘‘बघू. आमच्यात असतं तसं.’’

आमच्यात असं काही नसतं. मला माहीत, बाबांना माहीत. बेनने मशीनला दोन्ही हात जोडले, पडदे काखेत घेतले आणि जिना उतरली. शपथेतला एक शब्द मोडलेला नव्हता. यंत्र घरात होतं, जपलेलं होतं, जपलेलं म्हणजे किती.

पण ते खिडकीतही होतं. अजून तिथेच आहे. त्याच्यासमोर खुर्ची मावत नाही, म्हणून आई तीन ते पाच दिवाणावर बसते. रस्ता तिला झेंडूच्या माळेआडून, चाकाच्या आऱ्यांमधून जेवढा दिसतो तेवढा दिसतो. रोज सकाळी फुलं आणावी लागतात. ती मी आणते. कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात गटाराच्या कामावर पत्रक लिहायचं होतं. दोन पानी झालं. मी फळीवरचा स्टेपलर उचलायला हात घातला.

‘‘ठेव तो,’’ आई दिवाणावरून म्हणाली. ‘‘पूजा उठलेली नाही.’’

‘‘आई, दोन पानं आहेत. सुटी सुटी वाटू?’’

‘‘टाचणी लाव.’’ मग वाटी बाजूला ठेवून तिने हात पुसले. ‘‘छापलंस?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘वाच.’’

मी उभ्यानेच वाचलं. पहिल्या मागणीला तिने मान हलवली. दुसरीला रस्त्याकडे पाहिलं. मी तिसरी वाचली आणि कागद खाली घेतला.

‘‘तिसरी परत वाच,’’ ती म्हणाली. ‘‘हळू.’’