आतल्या बाजूच्या विटा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या मामांचे. वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावी मी बारावी झालो तेव्हा पुढे काय शिकायचं, कुठे शिकायचं, हे सांगणारं आमच्या घरात कोणी नव्हतं. मामा पुण्याहून आले, आईला म्हणाले, "याले माह्याकडे धाड," आणि मला बिबवेवाडीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी घेऊन आले. तिथे राहून मी पदवी घेतली. आमच्या घराण्यातली ती पहिली. निकालाच्या दिवशी मामांनी कारखान्यात पेढे वाटले.

त्यानंतर थोड्याच काळात तो कारखाना बंद पडला. मामा तिथे लेथ मशीनवर होते, तरुणपणापासून. जाताना सगळ्यांकडून स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सह्या घेतल्या. कात्रजला राहणारे त्यांचे एक मित्र शेजारच्या मशीनवर असायचे. ते म्हणाले, "बरोबर आहे. स्वेच्छा मालकाची, निवृत्ती आपली."

मामा घरी बसले. घरी बसलेला माणूस कसा असतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मशीनच्या आवाजाने त्यांचे कान बरेच गेले होते, त्यामुळे टीव्हीसुद्धा त्यांना नीट ऐकू यायचा नाही. ते रोज सकाळी जुन्याच वेळेला अंघोळ करून, भांग पाडून तयार व्हायचे आणि मग कॉटवर बसून राहायचे.

कारखान्याची शेड पाडली गेली आणि तिथे काचेची इमारत उभी राहिली. काही वर्षांनी माझ्या कंपनीने त्याच इमारतीत जागा घेतली. मी घरी सांगितलं तेव्हा मामांचा चेहरा उजळला.

"त्याच जागी? कोणत्या बाजूले बसतं तू?"

"तिसरा मजला. लिफ्टच्या डावीकडे."

त्यांनी डोळे मिटून हिशेब लावला. "म्हणजे आमच्या पेंटशॉपच्या डोक्यावर! रंग द्यायचे तिथं."

एकदा ते जागा पाहायला एकटेच गेले. फाटकावरच्या रखवालदाराने काम काय म्हणून विचारलं. काम सांगता येईना, म्हणून परत आले. हे मला मामीकडून कळलं.

त्याच सुमारास आमच्या कंपनीने एका प्रदर्शनातले फोमबोर्ड टाकून द्यायला काढले होते. दोन जाड कागदांच्या मध्ये पांढरा, हलका फोम असतो तसले. माळ्यावर अंथरायला होतील म्हणून मी चार-सहा घरी आणले. त्यावर कानाला हेडफोन लावून हसणारी एक मुलगी छापलेली होती. मामांनी एक बोर्ड मोरीत नेऊन भिजवला आणि त्या मुलीला अलगद सोलून काढलं. खालच्या फोमवर नखाने रेघ ओढून पाहिली. रेघ उमटली.

तिथून कारखान्याच्या भिंती कोरणं सुरू झालं. शाई संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी घेऊन ते आधी आडव्या रेघा दाबायचे, मग उभ्या. एक थर लांब विटांचा, त्याच्यावर एक थर आखूड तोंडांचा. नखाएवढी वीट. मग काडेपेटीच्या काडीने काही विटा किंचित आत ढकलायच्या, काहींचे कोपरे उडवायचे. डब्यातल्या पोळ्यांभोवतीचा चंदेरी कागद चुरगळून त्याचा गोळा भिंतीवर फिरवला की विटेला खरखरीतपणा यायचा. शेवटी लालसर तपकिरी रंग, आणि सांध्यांत पाण्यासारखा पातळ राखाडी. हे सगळं त्यांचं त्यांना सापडत गेलं. पहिल्या भिंतीवर त्यांनी बाजारातला स्प्रे मारला, तर सगळा फोम डोळ्यांदेखत विरघळत गेला. मामी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "घ्या. आणखी एक कारखाना बुडवला."

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. बऱ्याच दिवसांनी हसले होते.

त्यांनी आपल्या मशीनसमोरची भिंत सगळ्यात आधी केली. कुठल्या विटेवर तेलाचा डाग, कुठे खिळा, कुठली वीट निखळली होती आणि तिच्या पोकळीत कोण पाना ठेवायचं, सगळं सांगत सांगत. मग उरलेल्या तीन भिंती, आणि मधोमध फोमच्याच तुकड्यांची इवलीशी मशीनं. शेडचं मॉडेल उभं राहिलं. कात्रजचे मित्र पाहायला आले. चष्मा लावून बराच वेळ वाकून पाहिलं आणि म्हणाले, "उत्तम. आता संप कधी?"

मामांच्या मनात एकच होतं. ते त्यांनी एका रात्री जेवताना मला सांगितलं. "तुह्या इमारतीत खाली मोठी जागा असन ना? हे तिथं ठेवतील का? पोरं येतात-जातात. इथं काही होतं, एवढं पाहतील." मी इमारतीच्या व्यवस्थापकांना विचारलं. तरुण होते, बोलायला चांगले. इमारतीच्या वर्धापनदिनाला काहीतरी मांडायचंच आहे, घेऊन या, म्हणाले.

मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मॉडेल मांडीवर घेऊन आम्ही रिक्षाने गेलो. या वेळी रखवालदाराने दार उघडलं. व्यवस्थापकांनी वरून आत डोकावून पाहिलं आणि ते खरोखर थक्क झाले. मग सगळ्या बाजूंनी फिरले आणि थांबले. बाहेरच्या बाजूने चारही भिंती कोऱ्या होत्या. एका भिंतीवर तर सोलायची राहून गेलेली हेडफोनवाली मुलगी हसत होती.

"काका, अप्रतिम आहे. बाहेरचं अजून व्हायचंय ना?"

घरी वऱ्हाडी बोलणारे मामा तिथे जपून जपून पुस्तकातलं बोलू लागले. "बाहेरून मी कारखाना नीट पाहिलाच नाही, साहेब. भोंगा व्हायच्या आधी आत शिरायचं. सुटलो की बस गाठायला पळायचं."

मी त्यांच्यासोबत इतके महिने बसत होतो. माझ्याही हे लक्षात आलं नव्हतं.

"पण लोक तर बाहेरूनच बघणार," व्यवस्थापक म्हणाले. "आपल्याकडे दर्शनी बाजूचा जुना फोटो आहे. तो देतो, तसं करून द्याल का? आणि वर छप्पर लागेल, काका. उघडं ठेवलं की लोक त्यात चहाचे कप टाकतात."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मामा, नको असेल तर परत नेऊ."

"करतो, साहेब," मामा त्यांना म्हणाले.

परतताना स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही नाही म्हणायचं होतं."

"तुह्या साहेबाले नाई म्हणू? तुले रोज तिथं जानं हाय."

ते माझे साहेब नव्हते, इमारतीचे होते. मी हे त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ऐकू आलं की नाही कळलं नाही.

बाहेरच्या विटा त्यांनी फोटो समोर ठेवून कोरल्या. काम सफाईदार झालं, आधीपेक्षा लवकर झालं, आणि ते करताना ते एक शब्द बोलले नाहीत. खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याला राखाडी रंग देऊन पत्र्याचं छप्पर तयार केलं. चिकटवायच्या आधी मामीला आणि मला हाक मारली.

"पाहून घ्या."

मामी पदराला हात पुसत आली. तिघंही वाकून आत पाहत उभे राहिलो. मामीने एका मशीनवर बोट ठेवलं. "हे तुमचं?"

"हो."

इतकी वर्षं डबा भरून देणाऱ्या मामीने ती जागा तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मग मामांनी भिंतींच्या कडांवर गोंद लावला आणि छप्पर दाबून धरलं, ते बराच वेळ.

मॉडेल लॉबीत लागलं, शेवटी काचेखालीच. एकदा मामा आणि कात्रजचे मित्र पास घेऊन पाहायला आले. मित्रांनी काचेला नाक लावून खिडक्यांतून आत पाहायचा प्रयत्न केला. "काही दिसत नाही रे. आत अंधार आहे."

"सेकंड शिफ्ट सुटली असन," मामा म्हणाले.

पुढे पुण्यात राहणं त्यांना झेपेना. दोघं गावी परत गेली. तोवर मी पुण्यातच वेगळं घर घेतलं होतं; तिथे राहा म्हणून मी खूप आग्रह केला, पण भाच्याच्या घरी राहायला मामा तयार झाले नाहीत. ज्यांनी मला ठेवून घेतलं त्यांना मी ठेवून घेऊ शकलो नाही, हे मला आजही लागतं. फोनवर त्यांना ऐकू यायचं नाही, म्हणून मी पत्रं लिहायचो. त्यातलं शेवटचं खाली देतो. ते पोचलं तेव्हा मामा हिंडतेफिरते होते. मामी सांगते, चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि ओसरीवर जाऊन बसले. उत्तर लिहायच्या आत ते गेले. मॉडेल माझ्या घरी आहे, छप्पर लावलेलं.

मामा,

तुमच्या आणि मामीच्या पाया पडतो. गुडघ्याचं औषध पाठवलं आहे, ते रोज घ्या. बरं वाटलं तरी बंद करू नका.

एक सांगायचं आहे. आमच्या इमारतीची लॉबी नवी करत आहेत. जुने व्यवस्थापक नोकरी सोडून गेले. नव्या बाईंनी विचारलं, हे मॉडेल कोणाचं आहे, कोणाचं नसेल तर सफाईवाल्यांना उचलायला सांगते. मी म्हणालो, माझ्या मामांचं आहे, आणि त्याच संध्याकाळी घरी घेऊन आलो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगू की नको असं झालं होतं. पण तुमच्यापासून लपवणं मला जमत नाही.

काचेत असल्यामुळे ते चांगलं राहिलं आहे. रंग कुठेही उडालेला नाही. काल मी जमिनीवर आडवं पडून, मॉडेलच्या दाराच्या फटीतून बॅटरी मारून आत पाहिलं. तुमच्या मशीनसमोरची भिंत अर्धीच दिसते. निखळलेली वीट मला सापडली नाही. ती वरच्या बाजूला असावी.

छप्पर काढावं असं मला फार वाटतं. पण गोंद घट्ट बसला आहे. एका कोपऱ्यात ब्लेड घालून पाहिलं, तर छपराबरोबर फोमही निघायला लागला, म्हणून लगेच थांबलो. काढलं तर चारही भिंतींच्या वरच्या ओळीतल्या विटा जातील. त्या मला कोरता येणार नाहीत. मी नुसता बघत बसायचो, शिकलो नाही.

तुम्ही सांगाल तसं करतो. काढू का?