तांडेलांचं पाण्यावरचं बिऱ्हाड

जमिनीवर झोपणं हे जित्या माणसाला शोभत नाही, असं ठामपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मुरबे गावच्या बंदरावर त्यांना सगळे तांडेल, म्हणजे नाखवा, म्हणायचे, म्हणून मीही. साठीच्या पुढचे, विधुर, आणि सगळं बिऱ्हाड एका शिडाच्या मचव्यावर: एक चूल, दोन मडकी, एक घोंगडी आणि रॉकेलच्या डब्यात लावलेली तुळस. दिवाळीपासून होळीपर्यंत कौलं, सरपण, पेंढा, मिळेल ते भरून केळव्यापासून डहाणूपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं आणि खाडी दिसेल तिथे नांगर टाकून जेवायचं, झोपायचं. मुलगी मुरब्यातच दिलेली, बंदरापासून हाकेच्या अंतरावर. ती कालवणाचं भांडं घेऊन गुडघाभर पाण्यात उभी राहायची, पण हे घरी जायचे नाहीत. नातीच्या बारशाला गेले ते पाळण्याची दोरी एकदा ओढून, ओहोटी लागायच्या आत परत. न्हाव्यालासुद्धा मचव्यावरच यावं लागे. एकदा अर्धी दाढी झाली आणि मचवा डोलायला लागला. न्हावी काठाला धरून ओकत बसला, आणि तांडेल उरलेली अर्धी दाढी घेऊन डहाणूपर्यंत गेले. तारीख त्यांना ठाऊक नसायची, पण तिथी सांगितली की भरतीची वेळ तोंडपाठ. वाऱ्याशी ते अहो-जाहो करून बोलत. शिडाशी मात्र जे बोलत ते मला इथे लिहिता येणार नाही.

मी माण तालुक्यातला. सहावीत शाळा सुटली. तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम निघालं म्हणून एकोणिसाव्या वर्षी आलो आणि महिन्याभरात हिवतापाने पडलो. मुकादमाने नाव काढून टाकलं. बोईसर स्टेशनापर्यंत चालवेना, म्हणून खाडीच्या काठी बसून राहिलो होतो. तिथे तांडेल कौलं उतरवत होते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "घाट्या, वर ये. मरायचं तर जेवून मर." आठ दिवस त्यांनी मला पेज पाजली. ताप उतरला, तरी त्यांनी जा म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या हंगामात मी तळातलं पाणी उपसत त्यांच्याबरोबर हिंडलो. रोज वाटायचं, आज उतरवतील. उतरवलं नाही.

चैत्रात मचवा मुरब्याच्या वाळूत ओढून घेतला. बुडाला चिकटलेली कालवं खरवडायची होती. तेव्हा तांडेलांच्या पायात गंजका खिळा गेला. ते चुना लावून गप्प बसले, आणि पाय काळा पडला तेव्हा लेक-जावयाने त्यांना पालघरच्या इस्पितळात नेलं. गाडीत चढता चढता मला म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ फळ्यांवर खारं पानी मार. वरच्या झावळ्या काडू नको." मुलगी शेजारीच उभी होती.

पाच दिवस मी पाणी मारलं. सहाव्या दिवशी एका फळीला ओलसर वास आला. ओल्या लाकडाला वाळवी लागते एवढं मला माहीत होतं. पाणी मारणं ही तांडेलांच्या खुळांपैकीच एक, असं मी ठरवून टाकलं. ज्यांनी मला जगवलं त्यांचं घर माझ्या हातून कुजायला नको. मी झावळ्या काढल्या, आतला थेंब न् थेंब फडक्याने पुसला आणि तीन आठवडे मचव्याला ऊन दाखवलं. आमच्याकडे उन्हाळ्यात बैलगाडीची चाकं ओढ्यात भिजवतात, नाहीतर लाकूड आकसून चाकाची लोखंडी धाव निसटते. हे मी लहानपणापासून पाहत होतो. मचव्यापुढे ते मला आठवलं नाही.

तांडेल पायाची दोन बोटं इस्पितळात ठेवून, काठी टेकत आले. पौर्णिमेच्या भरतीला पंधरा माणसांनी मचवा लोटला. फळीफळीच्या सांध्यातून पाणी आत आलं. बुडाची मोठी फळी उन्हाने उकललीच होती, ती दुभंगली. मचवा काठापर्यंत बुडाला, आणि ओहोटीने पाणी ओसरलं तेव्हा कण्यात मोडून चिखलात कुशीवर पडला होता. कुणीतरी माझी गचांडी धरली. "कोनी सुकवला रे ह्यो?"

"सोड त्याला," तांडेल म्हणाले. "पानी मारायचं मीच सांगितलं नाय. घाट्याला काय म्हाईत?"

मुलीने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि घराकडे वळली.

तांडेल तिच्या घरी राहायला गेले. त्या पावसाळ्यात मचव्याच्या फळ्या तिच्या चुलीत गेल्या. मला बांधकामावर पुन्हा काम मिळालं होतं, सुट्टीला मी मुरब्याला जायचो. तांडेल पडवीत समुद्राकडे पाठ करून पडलेले असत. भरतीची वेळ कुणी विचारली तर म्हणत, मला नाय ठाव. एका दुपारी, जावई आणि दोन शेजारी पानावर असताना, मी मनाचा हिय्या करून तोंड उघडलं, "तांडेल, तुम्ही मला सांगितलं होतं..."

"जेव," ते म्हणाले.

मग त्यांनी माझं ताट आपल्याकडे ओढलं, माशाचे काटे एकेक करून काढले, बोटं धोतराला पुसली आणि ताट परत माझ्यापुढे सरकवलं. मी खाली मान घालून जेवलो. भाद्रपदात ते गेले. माझं ते वाक्य अजून पुरं झालेलं नाही.