मोठेबाबांनी भावाच्या पोटावर काढलेलं पत्रक

अकोल्यापासून अमरावतीपर्यंतची सगळी पोटं आपल्याच देखरेखीखाली चालतात, असा माझ्या मोठेबाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा, ठाम समज आहे. आरोग्य सेवक म्हणून ते निवृत्त झाले, पण फक्त पगारातून. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत ते सकाळी निघाले की "जयभीम, पोट साफ?" असं एका दमात विचारतात आणि समोरचा नुसताच जयभीम घालून सटकू लागला तर त्याची सायकल धरून ठेवतात. बद्धकोष्ठता ही लाजायची गोष्ट नाही, हे त्यांनी भर बाजारात इतक्या मोठ्यानं सांगितलं आहे की कित्येकांनी रस्ता बदलला. "चूर्नाच्या जाहिराती पाहून पोट चालवता काय बे? भाजी-भाकर खा, पानी प्या, अन् कळ आली का मोबाइल घरात ठिवून संडासात जा!" चुलतबहिणीच्या लग्नात पाण्याच्या पिंपात लोक हातासकट पेला बुडवताना दिसले, तेव्हा हे गृहस्थ लांब दांड्याचं ओगराळं घेऊन तीन तास पिंपाशी उभे राहिले. व्याह्यांनाही सोडलं नाही. "हात बुडवान, तं उद्या सारी वरात वावरात बसलेली दिसन," म्हणाले. नवरदेवाकडचे रुसले, पण हगवण कोणालाच लागली नाही, आणि मोठेबाबा त्या लग्नाचा उल्लेख आजही लढाई जिंकल्यासारखा करतात.

त्यांचं एकच पोट ऐकत नव्हतं, ते माझ्या बाबांचं. बाबा दर्यापूरला असतात. नाली, रेशन, शिष्यवृत्ती, जिथं अन्याय तिथं त्यांचं पत्रक. मी पाढ्यांच्या आधी पत्रकं वाचायला शिकले आणि छापलेल्या शब्दाशी बेइमानी करायची नाही, हा आमच्या घरचा धर्मच. पण सभेच्या दिवशी बाबा दिवसभर जेवत नसत. कोरा चहा, त्यावर गुडघेदुखीची गोळी, जळजळलं की सोडा, आणि वर निदान ठरलेलं: गॅस. आमच्याकडे छातीपासून बेंबीपर्यंत काहीही झालं तरी त्याला गॅसच म्हणतात.

मी तेव्हा शिकायला मोठेबाबांकडे होते. एका दुपारी आईचा फोन आला की बाबांना दोन दिवस डांबरासारखी काळी संडास होते आहे आणि उठताना चक्कर येते. मोठेबाबांनी माझ्या हातून फोन ओढला आणि भावाला फोनवर बोलावून घेतलं.

"आतून रक्त जाऊन राहिलं, लेका. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चाल."

"गॅस हाय, दादा. संध्याकाळी नालीची सभा हाय. लोकाईले शब्द देला."

"अन् मेला तं शब्द कोन पाळन?"

"तू काहून ओरडून राहिला?" म्हणून बाबांनी फोन ठेवला.

मोठेबाबांनी कागद ओढला, उभ्या उभ्या लिहिलं, कोपऱ्यावरच्या दुकानात शंभर प्रती काढल्या आणि मला घेऊन मिळेल त्या जीपमध्ये बसले. आम्ही दर्यापूरला सभेत पोचलो तेव्हा बाबा खुर्चीच्या पाठीला धरून बोलायला उठत होते. चेहरा पांढराफटक. मोठेबाबांनी एका टोकानं वाटायला सुरुवात केली, दुसऱ्या टोकानं मी.

"जाहीर निवेदन. आजच्या वक्त्याच्या पोटातून रक्त जात आहे. ते रिकाम्या पोटी दुखण्याच्या गोळ्या खातात व त्रासाला गॅस म्हणतात. लोकांना हक्क शिकवणाऱ्यानं स्वतःचा जगण्याचा हक्क सोडू नये. श्रोत्यांनी त्यांना बोलू देऊ नये. आपला, वक्त्याचा थोरला भाऊ."

सभा वाचत गेली तशी गप्प होत गेली. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "जाय बापा दवाखान्यात. नाली काई पयून नाई जात." मागून कोणीतरी "गाडी काढा!" ओरडलं. बाबांनी ते पत्रक दोनदा वाचलं. छापील मजकुरापुढे त्यांचं काही चालेना. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली सभा, जी वक्ता न बोलता शंभर टक्के यशस्वी झाली.

अकोल्याला रात्रीतच दुर्बीण घातली. जठरात जखम, त्यातून रक्त. ते थांबवलं, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या, तपासात जखम करणारे जंतूही सापडले, त्यांच्यावरच्या गोळ्या पंधरा दिवस न चुकता. गुडघ्याची गोळी बंद. डॉक्टर "वेळेत आणलं" म्हणाले आणि मोठेबाबा निवडून आल्यासारखे वॉर्डभर फिरले. प्रत्येक खाटेला पोट विचारलं, दारावरच्या शिपायालाही.

महिन्याभरानं बाबा अकोल्याला आले, पिशवीत त्यांचं स्वतःचं नवं पत्रक. "खुलासा. माझं पोट आता बरं आहे. दादाचं बरोबर होतं." साठ वर्षांत हे वाक्य त्यांनी कधी तोंडानंही म्हटलं नव्हतं. मोठेबाबांनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा पुसला. "कागद वाया घालवला," एवढंच म्हणाले. मग पुढे झाले आणि लहान लेकराचं पोट भरलं की नाही पाहतात तसा भावाच्या पोटावर तळहात ठेवला. बाबा दारातच, हात बाजूला सोडून, तपासून होईपर्यंत उभे राहिले.