दारात कोण होतं

बाबांचं आणि चाचांचं भांडण कधी मिटू नये, अशी मी वर्षभर मनोमन इच्छा करत होते. ऐकणाऱ्याला हे उफराटं वाटेल. पण आई गेल्यापासून बाबा दिवसभर बोलतच नव्हते. सकाळी चहा घ्यायचे, पेपर उलटायचे, वाढलं तर जेवायचे. काही विचारलं तर हाव किंवा नाही, बस. आईचा विषय तर त्यांनी एकदाही काढला नव्हता. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं ठेवा. बोलतं ठेवा म्हणे! तो काय नळ आहे, फिरवला की सुरू व्हायला? मी मान डोलावली आणि घरी येऊन भांडी आपटली.

संध्याकाळी मात्र शेजारचे टेलरचाचा दुकानाचं शटर ओढून आमच्या ओट्यावर यायचे आणि बाबांना कंठ फुटायचा. भांडणाचा विषय कायम एकच. फार वर्षांपूर्वी टीव्हीवर लागलेल्या एका विनोदी मालिकेचा एक भाग.

तेव्हा आमच्या गल्लीत टीव्ही फक्त आमच्याकडे होता. बाबा एसटीत कंडक्टर होते आणि मालिकेच्या वाराला ते ड्युटी बदलून घ्यायचे. अख्खी गल्ली खाली सतरंजीवर, चाचा दाराजवळच्या खुर्चीवर, आणि आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात भाजी निवडत. त्या भागात नायकानं आपल्या साहेबांना जेवायला बोलावलेलं असतं. घरात बसायला धड काही नाही, म्हणून गावाला गेलेल्या शेजाऱ्याचा सोफा त्यानं न विचारता उचलून आणलेला. साहेब सोफ्यावर ऐसपैस बसलेत, जेवण रंगात आलंय, आणि दारावरची घंटी वाजते. सगळ्यांचे घास हातात. त्याची बायको उठते, कडीला हात घालते, आणि लाईन गेली. टीव्हीतली नव्हे, आमची. परत आली तेव्हा बातम्या लागल्या होत्या.

झालं. दारात कोण होतं यावरून गल्लीचे दोन तट पडले. बाबा म्हणाले, बायकोचा भाऊ. "त्याले पत्र धाडलं होतं तिनं. गावाकडची गाडी त्याच टायमाले येते." चाचा म्हणाले, सोफ्याचा मालक. "त्यानं बॅगेत एकच शर्ट टाकला होता, मी पाह्यलं ना! एका शर्टावर माणूस किती दिवस राह्यन?" कंडक्टरला गाडी दिसली, टेलरला शर्ट दिसला. आणि आई मेथीची जुडी सोडत म्हणाली, "कोणीच नसन दारात. ती घंटी त्या नवऱ्यानं सोताच दुरुस्त केली ना सकाळी? आपोआप वाजली असन."

सगळे हसले. बाबा म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं? चहा टाक." तिनं चहा टाकला. मला राग आला होता, पण माझं तेव्हा ऐकतो कोण!

पुढे गल्लीतल्या घराघरात टीव्ही आले, लोक ती मालिका विसरूनही गेले. बाबा आणि चाचा तेवढे विसरले नाहीत. दोघं रिटायर व्हायच्या वयाचे झाले, चाचांनी तर सुईत दोरा ओवायला चष्मा बदलला, पण दारातल्या माणसावरून त्यांनी माघार घेतली नाही. आई गेल्यावर महिनाभरानं चाचांनी हळूच विचारलं, "काय कंडक्टरसाहेब, आला का तो भाऊ गाडीतून?" आणि बाबा कितीतरी दिवसांनी बोलले, "मास्टर, तुमचा तो सोफेवाला अजून येऊनच राह्यला का?" मी आत कणीक मळत होते. तिथंच रडले.

म्हणून त्या दुपारी कचेरीत डबा खाताना मोबाईलवर तो भाग समोर आला, तेव्हा मी डबा अर्ध्यातच झाकला. कुणीतरी अख्खी मालिकाच टाकली होती. खाली लोकांनी मतं लिहिली होती. मी ती एक डोळा मिटून वाचली. कुणाला लहानपण आठवलं होतं. कुणी लिहिलं होतं, साहेबांचं काम करणारा नट फार ओरडतो. एक बाई म्हणत होत्या, यात बायकोचंच सगळं बरोबर आहे आणि तेच कुणी ऐकत नाही. एकानं लिहिलं होतं, शेवट काय आहे ते सांगत नाही, स्वतःच बघा. त्या अनोळखी माणसाला मी मनापासून आशीर्वाद दिला आणि मोबाईल पर्समध्ये कोंबला.

मी शेवट बघितला नाही. मला बघायचाच नव्हता. दारातून भाऊ निघो की सोफेवाला, भांडण मिटणार. मग संध्याकाळी चाचा येऊन काय बोलणार? हवापाणी? हवापाण्यावर बाबा हाव म्हणतील आणि गप्प बसतील. ते गप्प बसणं मला आता झेपणारं नव्हतं. पुढचे काही दिवस मी चाचांच्या हातात मोबाईल दिसला की म्हणायची, "चाचा, डोळे खराब होतात हो यानं." ते म्हणायचे, "बेटा, माहे डोळे आता काय खराब होतीन!"

जे व्हायचं ते झालंच. एका संध्याकाळी चाचा शटर अर्धंच ओढून धावत आले. "मिल गया, कंडक्टर! माह्या पोरानं मलकापुरातून धाडला. आज फैसला!"

मी आडवी यायची तेवढी आले. म्हटलं, आधी चहा घ्या. म्हटलं, इथं नेटवर्क नसतं. बाबा म्हणाले, "चहा राहू दे. आण मास्टर, पाहू." एका दमात इतके शब्द!

मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. दोघं डोक्याला डोकं लावून बसले. मी दारात उभी राहिले. साहेब आले, सोफ्यावर बसले, जेवण वाढलं. घंटी वाजली. बायको उठली. मी देवाचं कधी फारसं नाव घेत नाही, पण त्या क्षणी म्हटलं, लाईन जाऊ दे. मोबाईलला लाईन कशाला लागते!

दार उघडलं. दारात कोणीच नव्हतं. घंटी आपली वाजतच राहिली. नायक स्टुलावर चढून तिला चपलेनं बडवतो आहे, साहेब सोफ्यावर हसून गडबडा लोळताहेत, आणि शेवटच्या नावांच्या पाट्या सुरू झाल्या.

ओट्यावर कोणी हसलं नाही. चाचांनी चष्मा काढला. "भाभी बोलली होती," ते म्हणाले. बाबा मोबाईलकडेच बघत होते, त्याचा उजेड विझला तरी. थोड्या वेळानं चाचा चहा न घेताच उठले.

मला चाचांचा राग आला, मलकापूरच्या पोराचा राग आला, त्या घंटीचा तर फारच आला. दुसऱ्या दिवशी बाबांच्या तोंडून हावसुद्धा निघालं नाही. जेवण अर्धं टाकलं. कचेरीत माझं लक्ष नव्हतं, दोनदा चुकीच्या फायलीवर शिक्का मारला. संध्याकाळी शटर पडल्याचा आवाज आला, पण चाचा काही दिसेनात. मी दार उघडून रस्त्याकडे डोळे लावून उभी राहिले. बरंच उशिरा ते आले आणि ओट्याच्या कडेला टेकले. आता संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात बाबा बोलले. "मास्टर, तुमच्या दुकानाचं बी ती म्हणे ना? रोडच्या त्या बाजूनं घ्या, इकडं पाणी घुसते म्हणून?"

चाचा दचकले. "हाव. म्हणे. दर बरसातीत कपडे वर टांगतो ना मी."

"अन् माह्या बदलीच्या वक्ती? म्हणे, अर्ज करू नका, साहेबच बदलून जाईन."

"असं नाही म्हणली भाभी. साहेबाले भेटा म्हणली."

"तुम्ही होते का तिथं? माह्यासमोर म्हणली ती!"

"अबे, मी कपडे द्यायले आलो होतो!"

दोघांचे आवाज चढले. समोरची बाई गॅलरीतून डोकावली. बाबांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या आणि ते आईबद्दल बोलत होते. मी घाईघाईनं म्हटलं, "मी चहा टाकते."

"चहा राहू दे," बाबा म्हणाले. "तुह्याबद्दल काय म्हणे ती?"

मला लगेच आठवलं. "म्हणायची, ही पोरगी घंटी वाजायच्या आधीच काळजीनं दार उघडून उभी असते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारातच उभी होते, कडी हातात धरून.

"बरोबर म्हणे," ते म्हणाले. "ते दार लाव अन् बस इथं. अजून काय काय म्हणे, सांग."